उद्या सुट्टी आहे का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, संस्थेचे सन्माननीय सचिव, नोकरीला लागल्या दिवसापासून ज्यांना मी नुसतं ‘सर’ म्हणत आले ते आपले माजी मुख्याध्यापक, आत्ताच्या मुख्याध्यापिका बाई, समोर बसलेले माझे सहकारी, पालकवर्ग, आणि मागच्या रांगांत बसून ‘तोफ आज किती वेळ धडाडणार’ याचा अंदाज बांधणारे मोठ्या वर्गांतले माझे विद्यार्थी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

हो, मला तोफ म्हणतात हे मला ठाऊक आहे. ते नाव तुमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीने ठेवलं, तुम्ही आयतं वापरताय. पण भाषेच्या सरांनी आत्ता माझ्या निवृत्तीचं जे मानपत्र वाचलं त्यात मी कर्तव्यदक्ष आहे, शिस्तप्रिय आहे, आणि मितभाषी आहे. मितभाषी म्हटल्यावर मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. ज्याने कोणी हसून दाखवलं त्याचा भूगोल कच्चा असेल, पण कान चांगले आहेत.

येताना जिन्यात सचिवसाहेब भेटले. म्हणाले, “बाई, आजचा दिवस तुमचा. एकच विनंती, शेवट गोड करा.” त्यांना वाटलं तसं मी लगेच हो म्हटलं नाही, ते त्यांच्या लक्षात आलंय, म्हणून ते मघापासून घड्याळाकडे बघताहेत. साहेब, निवांत बसा. मी काय बोलणार ते तुम्हाला माहीत आहे. लहान वर्ग खाली मैदानावर खेळताहेत, याची मी आधीच खात्री करून घेतली आहे. मोठी मुलं इथे आहेत ते चांगलंच आहे. त्यांनी ऐकावं असंच आहे.

त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघा. बक्षिसांच्या गर्दीत मधोमध ती पितळी ढाल आहे ना, ती पूर्ण उपस्थितीची. वर्षभरात एकही दिवस न चुकता जी जी मुलं शाळेत आली, त्यांच्या हातात ती एकेक करून देतात. आपल्या शाळेचा तिच्यावर फार जीव. पहिल्या नंबराचा कप पाहुणे देतात, पण ही ढाल देण्याची पद्धत वेगळी आहे. मुलाच्या घरच्या माणसाला व्यासपीठावर बोलवायचं, त्याच्या हातून मुलाला द्यायची, दोघांचा फोटो काढायचा. घर आणि शाळा यांचे हात जुळले पाहिजेत, अशी त्यामागची कल्पना. सरांनीच ती पद्धत घातली. माझ्या डोक्यावर, पडद्याच्या पट्टीवर ते वाक्यही रंगवलेलं आहे, ‘शाळा म्हणजे दुसरं घर’.

दुसरं घर! मी त्या वाक्याखाली उभी राहून एका मुलीला बघितलंय, जिला पहिलंच घर नकोसं झालं होतं. तिला दुसरं घर देऊन आपण काय करणार होतो? तिला शाळा हवी होती. शाळा म्हणजे शाळाच, जिथे घरातलं माणूस हात लांबवून पोचू शकत नाही अशी जागा.

तिला आम्ही ‘पहिली घंटा’ म्हणायचो. शिक्षकांच्या खोलीतलं लाडाचं नाव. कारण घंटा व्हायच्या कितीतरी आधी ती येऊन फाटकाच्या पायरीवर बसलेली असायची. शिपाईमामा कुलूप काढायला आले की उठून बाजूला व्हायची. शाळा सुटली की बाक सरळ कर, फळा पूस, खडूंचे तुकडे डब्यात भर, असं काही ना काही काढून थांबायची. ताप आला तरी शाळेत. एकदा अंगात इतका ताप होता की डोळे लाल झालेले, तर घरी पाठवायचं म्हटल्यावर रडायलाच लागली. आणि आम्ही काय म्हणालो? “बघा, नाहीतर आमची कार्टी! उठवून उठवून जीव जातो.” मोठ्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात तिला उलट्या व्हायच्या. त्यावर वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, शाळेची ओढ असावी तर अशी.

मला सांगा, घराची ओढ नसलेलं लहान मूल तुम्ही कधी पाहिलंय? शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर ही मागे बसलेली मंडळी काय करतात ते मी आयुष्यभर बघत आले आहे. जिन्यावरून लोंढा येतो, मध्ये उभं राहाल तर वाहून जाल. त्या लोंढ्याच्या उलट्या दिशेने एक पोर दररोज फळा पुसायला जाते, आणि पंतोजींची अख्खी फौज तिला गुणी म्हणते. आम्ही पदव्या घेतलेली माणसं. बालमानसशास्त्राच्या पेपरात पास झालेली.

असो. अशा गुणी मुलीला ढाल न मिळून कसं चालेल? मिळाली. त्या समारंभात मी याच व्यासपीठावर, त्या डाव्या बाजूला, कप ठेवलेला लांबट ट्रे धरून उभी होते. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईत, चादरी-कपडे धुण्याच्या कामावर, तेव्हा तिची पाळी चालू. वडील कामासाठी परगावी. तेव्हा घरचं माणूस म्हणून आला त्यांच्या घरीच राहणारा काका. काका म्हणजे शाळेचा लाडका. पालक समितीत पुढे, सहलीला गाडी लावायला पुढे, प्रत्येक शिक्षकाला नावाने ओळखणार, प्रत्येकाशी थट्टा करणार. मीसुद्धा त्याच्या विनोदांना हसलेली आहे. तुमच्यापैकी जुने लोकही हसलेले आहेत. कपाळावर लिहिलेलं असतं तर प्रश्न कशाला होता?

त्याने ढाल उचलली आणि तिच्यापुढे धरली. तिने हात पाठीमागे नेले. तो माइकमध्ये वाकून म्हणाला, “लाजाळू आहे हो आमची.” सगळं सभागृह हसलं. फोटोवाला म्हणाला, जवळ उभे राहा. काकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ती त्या हाताखालून वाकून निघाली ती थेट माझ्याकडे आली. माझ्या हातातल्या ट्रेची दुसरी कड तिने धरली. मी म्हटलं, “अगं, तुझा फोटो राहिला ना.” ती कड काही सोडेना. बोटं पांढरी पडली होती. शेवटी आम्ही दोघींनी तो ट्रे दोन बाजूंनी धरून, कप सांभाळत, मागच्या दाराने नकाशांच्या खोलीत नेला. सभागृहात टाळ्या चालूच होत्या.

खोलीत गेल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला, “बाई, उद्या सुट्टी आहे का?”

बक्षीस समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आपण सुट्टी देतो. शिक्षकांनाही बरी वाटते, मलाही वाटायची. मी म्हटलं, “आहे की.” त्यावर तिने ट्रे सोडला, खाली बसली, आणि मग तिने मला चार वाक्यं सांगितली. ती मी इथे सांगणार नाही. ती तिची आहेत. तुम्हाला कळायचं ते कळलं आहे.

आता जरा नव्या शिक्षकांनी लक्ष द्यावं. हे सांगायला मला व्याख्यान मिळालं नाही, मानपत्र मिळालं, म्हणून त्याच्याच आडोशाने सांगते. मूल असं काही सांगतं तेव्हा तुमच्या तोंडातून ‘छे, काहीतरीच’ निघू पाहतं. ते गिळा. ‘शपथ घे’, ‘नक्की का’, ‘मग तू ओरडली का नाहीस’, हे प्रश्न तर विचारूच नका. तुम्ही पोलीस नाही, वकील नाही. खोदून विचारणं हे ज्यांचं काम आहे त्यांना ते शिकवलेलं असतं. मी तिला एवढंच म्हटलं, “सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही.” ती म्हणाली, “बाई, कोणाला सांगू नका हं.” तिथे हो म्हणण्याचा मोह होतो. मी म्हटलं, “तसं वचन मी देणार नाही, कारण मला ते मोडावं लागेल. मुलांना जपणं हे ज्यांचं काम आहे त्यांना मी सांगणार. पण तुझ्या वर्गात नाही, शिक्षकांच्या खोलीत नाही, आणि काकाला तर नाहीच.” ‘काकाला नाही ना’ हे तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, “चालेल.”

पुढे काय केलं, तर शारीरिक शिक्षणाच्या बाईंना तिच्याजवळ बसवलं, आणि सरांच्या कानावर घालून जिन्याखालच्या फोनवरून बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावला. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत, माझं काही न मिसळता सांगितलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, मुलीला घरच्या कोणाबरोबर पाठवू नका, आम्ही निघालोच. मी हुश्श केलं.

आणि परत आले तर नकाशांची खोली रिकामी.

अध्यक्ष महोदय, आपण या शाळेत नवीन आहात, म्हणून आपल्याला सांगते. आमच्या शाळेचा एक नियम आहे. कुठलीही गोष्ट असो, काच फुटली असो की दात पडला असो, आधी घरी कळवायचं. घर आणि शाळा यांच्यात पडदा नको. नियम चांगला आहे. काच फुटली तर फारच चांगला आहे. तर मी फोनवर असताना सरांनी तो नियम पाळला. मुलीला ऑफिसात बोलावलं, चहाच्या टेबलावरून काकालाही बोलावलं, समोरासमोर उभं केलं, आणि अगदी प्रेमाने विचारलं, “बाळ, घाबरू नकोस. सांग बरं, काका तुला त्रास देतात?”

काकाच्या हातात चहाचा कप होता. ती त्या कपाकडे बघत म्हणाली, “नाही सर.”

काका हसून म्हणाला, “बघा. टीव्ही जास्त बघते.” आणि सर म्हणाले, “चला, गैरसमज मिटला.”

सर, तुम्ही इथे माझ्या शेजारी बसला आहात. माझ्या पहिल्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात आणि नंतर म्हणालात, फळ्याकडे नाही, मुलांकडे बघून बोला. तुम्ही वाईट माणूस नाही. माझा संताप त्याचाच आहे. वाईट माणसाने केलं असतं तर शिव्या द्यायला पत्ता तरी मिळाला असता. इथे एक सज्जन माणूस, सज्जन हेतूने, सज्जन आवाजात, कोकराला लांडग्यासमोर उभं करून विचारतो की बाळा, हा तुला चावतो का? आणि कोकरू नाही म्हणालं की आपण सगळे सुटकेचा श्वास टाकतो. न्यायाधीशही असं विचारत नाही हो. पण आपण विचारतो, कारण आपल्याला उत्तर नको असतं. आपल्याला ‘नाही’ हवं असतं.

आम्ही मुलांना दिवसभर काय शिकवतो? हाताची घडी, तोंडावर बोट. मोठ्यांना उलट बोलू नये. घरातलं घरात ठेवावं. आणि हे सगळं पाठ करून घेतल्यावर तिलाच विचारतो, तू आधी का नाही बोललीस? काय बोलायचं होतं तिने, आणि कोणत्या तोंडाने? त्यावर तर आपण बोट ठेवलेलं होतं.

मी ऑफिसच्या दारात पोचले तेव्हा काका तिचं दप्तर खांद्याला लावत होता. मी म्हटलं, “ती जाणार नाही.” सर म्हणाले, “बाई, विषय संपलाय.” मी म्हटलं, “फोन झालाय, त्या यायला निघाल्यात.” सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, “तुम्हाला हा अधिकार कोणी दिला? शाळेच्या नावाचा काही विचार?” झाकली मूठ सव्वा लाखाची! पण त्या मुठीत एक पोर होती हो, सर.

मी दार अडवून उभी राहिले. मी काही अंगाने दांडगी नाही, पण तोफ नावाचा त्या दिवशी उपयोग झाला. काका आधी हसला, मग समजावू लागला, मग त्याचा आवाज चढला, आणि आवाज चढल्यावर सरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. मी खोटं कशाला बोलू, त्यानंतर दार लावून घ्यायला सरच उठले. दप्तर काढून घेतलं तेही त्यांनीच. उशीर झाला होता, पण उठले.

कार्यालयातून दोघी आल्या. मुलीला वेगळ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, घाई केली नाही. हॉस्पिटलातून तिच्या आईला आणलं. ती बाई धुलाईतून तशीच आली होती, हात ओले, बोटांना सुरकुत्या. सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, मला वाटायचं तिला शाळा आवडते.” तेवढंच म्हणाली आणि लेकीजवळ जाऊन बसली. तिने लेकीवर विश्वास ठेवला, एका क्षणात ठेवला. ज्यांना शिकलेले म्हणतात त्यांना त्यासाठी पुरावा लागत होता.

पुढे जे व्हायला हवं ते झालं. काकावर खटला चालला, शिक्षा झाली. मायलेकी दुसऱ्या गावी गेल्या. आणि शाळेत काय झालं? बरेच दिवस चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मला कोणी वाईट बोललं नाही, आपण सुसंस्कृत माणसं आहोत. फक्त मी खोलीत आले की हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. हवापाणी हा माझाच विषय, त्यामुळे मला त्यात भाग घेता आला. पण त्या मुलीबद्दल ‘ती कशी आहे’ असं मला एकानेही विचारलं नाही. ढाल कपाटात गेली, आणि पुढच्या वर्षी पॉलिश करून परत टेबलावर. पद्धत तीच, घरच्या माणसाच्या हातून. नियम तोच, आधी घरी कळवायचं. आजच्या मानपत्रात माझ्या सहली आहेत, नकाशे आहेत, हस्ताक्षरसुद्धा आहे. तो दिवस नाही. नोकरीत मी धड एकच काम केलं असेन, तर ते त्या दिवशी. ते गाळून माझा सत्कार करता?

ही गोष्ट सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. परवाच फोन झाला. ती आता लिफ्ट दुरुस्त करते. म्हणते, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम आहे बाई, मजा येते. म्हणाली, “सांगा खुशाल, नाव तेवढं नको. आणि त्यांना हेही सांगा की मला भूगोल अजिबात आवडत नव्हता.” मी विचारलं, “मग त्या दिवशी माझ्याकडे का आलीस?” म्हणाली, “तुमच्याकडे नाही आले, ट्रेकडे आले. हातात धरायला काहीतरी हवं होतं. पण तुम्ही तुमची कड सोडली नाहीत.”

माझ्या सहकाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. घरी जायला नको असलेलं मूल, एकाएकी गप्प झालेलं मूल, कारण नसताना भांडायला उठणारं, वर्गात झोपणारं, कोणी जवळ आलं की दचकणारं मूल. यातल्या कशानेही काही सिद्ध होत नाही. कदाचित त्याचा नुसता दात दुखत असेल. म्हणून तर बघायचं, आणि जवळ जाऊन ‘कसं चाललंय’ म्हणायचं. आरडाओरडा नको, घरच्यांची वरात नको, शिक्षकांच्या खोलीत कुजबुज तर अजिबात नको. शंका आली तर ज्यांचं ते काम आहे त्यांना कळवायचं. चुकीची ठरली तर तुमची थोडी फजिती होईल. ती सोसायला आपल्याला पगार मिळतो.

आणि मागच्या रांगांनो, तुमच्यासाठी. तुम्ही एकाला सांगितलंत आणि त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. त्याने ऐकलं नाही तर तिसऱ्याला. चूक न ऐकणाऱ्याची, तुमची नाही.

अध्यक्ष महोदय, आता थोड्या वेळात ती ढाल द्यायची आहे, आणि मुलांना नाव पुकारून वर बोलवायचा मान मला दिला आहे. ज्यांना मिळणार त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. बऱ्याच जणांना शाळा खरंच आवडते, काहींची आई फार कडक असते. पण आज कोणाच्या हातून घ्यायची हे मी प्रत्येक मुलाला आधी बाजूला नेऊन विचारलं आहे, आणि तसंच होईल. आपली परवानगी मी मागितली नाही, कारण आपण नाही म्हणाला असता तर मला शेवट गोड करणं आणखी अवघड गेलं असतं. आधी घरी कळवायच्या नियमाचं मात्र आपल्यालाच बघावं लागेल. मी उद्यापासून नाही.

सर मघापासून मान खाली घालून बसले होते. आत्ता त्यांनी मानेने हो म्हटलं. मी ते पाहिलं, सर. आभारी आहे.

समारंभ देखणा झाला, त्यासाठी झटलेल्या सर्वांचे आभार. फुलं सुंदर आहेत. मानपत्र मी घरी लावीन, राहिलेली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहून. माझं बोलणं कोणाला लागलं असेल, वयाचा, मानाचा अधिक्षेप झाला असेल, तर ती चूकभूल उदार मनाने पदरात घ्या. मुलांच्या बाबतीतली मात्र कोणाचीच घेऊ नका, माझीही नाही.

आणि सचिवसाहेब, शेवट. उद्या शाळेला सुट्टी आहे. आता थोड्या वेळाने सगळे घरी निघतील. फाटकाशी उभे राहून तेवढं बघा, कोणाचं पाऊल जड पडतंय.